नियम बदला, पण नव्यांसाठी

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून शिक्षणानंतर काम करण्यासाठी मिळणाऱ्या व्हिसाची वयोमर्यादा ५० वरून ३५ वर आली. पीएचडी आणि संशोधनाचं मास्टर्स करणाऱ्यांना यातून वगळलं होतं. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना वगळलं नाही. आता असा एक विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. वय ३७. दहा-बारा वर्षं नोकरी करून साठवलेल्या पैशांतून दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला, तीन सत्रांची फी भरून झालेली, चौथं सत्र तोंडावर आलेलं. त्याने प्रवेश घेतला तेव्हा पदवीनंतर काम करण्याची मुभा नियमांत होती, विद्यापीठाच्या माहितीपत्रकात होती, एजंटाच्या तोंडी होती. पदवी हातात पडेल तेव्हा ती असणार नाही. अभ्यासात त्याने कुठे कुचराई केलेली नाही, एकही नियम मोडलेला नाही. या बदलाची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये झाली होती. म्हणजे सूचना सहा-सात महिन्यांची आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा.

वयोमर्यादा बदलली त्याच १ जुलैला विद्यार्थी व्हिसाचं शुल्क ७१० ऑस्ट्रेलियन डॉलरवरून १,६०० वर गेलं, आणि पुढच्या वर्षी २,००० वर. वाढ जबर आहे. तरी माझी तक्रार या दुसऱ्या बदलाबद्दल नाही. नव्याने अर्ज करणाऱ्याला तो आकडा समोर दिसतो; परवडत नसेल तर तो दुसऱ्या देशाचा विचार करेल. वयोमर्यादेचा फटका मात्र आधीच आत आलेल्या, पैसे भरून बसलेल्या, मागे फिरण्याची सोय न उरलेल्या माणसाला बसला. प्रवेशाच्या दिवशी जे नियम लागू होते, ते त्या विद्यार्थ्यापुरते पदवीपर्यंत, आणि पदवीनंतर कामाची जी मुदत कबूल केली होती तिच्या अखेरपर्यंत, लागू राहिले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. नियम कडक करा, सैल करा, सगळी योजनाच गुंडाळा; तो प्रत्येक देशाचा अधिकार आहे. पण तो नव्यांसाठी वापरा. डाव अर्ध्यावर आलेल्यांसाठी नको.

एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला अडचण काय आहे? अडचण ही, की पदव्युत्तर शिक्षणासाठी आलेला परदेशी विद्यार्थी नेमका कोण, याचं उत्तर प्रत्येक जण आपल्या सोयीने देतो. विद्यापीठाच्या हिशेबनीसाला तो उत्पन्न आहे. गृहखात्याला तो मुदतीवर आलेला परका आहे. निवडणूक लढवणाऱ्याला तो स्थलांतरितांच्या आकड्यातला एक आहे. अर्थमंत्र्याला तो निर्यात आहे, कारण परदेशातून येऊन भरलेली फी हिशेबात सेवांच्या निर्यातीत धरली जाते. त्याच्याकडून पैसे घेताना एक खातं बोलतं आणि त्याला मुदत देताना दुसरंच. या दोन खात्यांच्या मधल्या फटीत माणूस अडकतो.

हे नेहमी असं नव्हतं. अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती योजना १९४६ ची, राष्ट्रकुल देशांची कोलंबो योजना १९५१ पासूनची. त्यामागे राजकारण होतंच, शीतयुद्धाचा हिशेब होता, पण येणारा विद्यार्थी यजमान देशाचा पाहुणा होता आणि त्याच्यावर खर्च करण्यात देशाला आपला फायदा दिसत होता. १९८० मध्ये ब्रिटनने परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणाचा पूर्ण खर्च आकारायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाने त्याच दशकाच्या मध्यात तो रस्ता धरला. पुढे डेन्मार्क २००६ मध्ये, स्वीडन २०११ मध्ये, फिनलंड २०१७ मध्ये आणि नॉर्वे २०२३ मध्ये युरोपबाहेरून येणाऱ्यांना फी लावू लागले. फी घेण्यात गैर काही नाही. दुसऱ्या देशाच्या करदात्याने आपल्याला फुकट शिकवावं अशी अपेक्षा कुणी धरू नये. पण फी घेतली की नातं बदलतं, आणि बदललेल्या नात्यात येणारी जबाबदारी मात्र कुणी घ्यायला तयार नाही.

ही फी किती महत्त्वाची झाली आहे ते पाहा. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याची पदवीची वार्षिक फी २०१२ मध्ये जास्तीत जास्त ९,००० पौंड होती. २०१७ मध्ये ती ९,२५० झाली आणि थेट २०२५ पर्यंत तिथेच राहिली. मधल्या काळात वीज, पगार, भाडी सगळं वाढलं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी दहा टक्क्यांनी कमी केली आणि गोठवून टाकली. दोन्हीकडे सरकारला लोकांची वाहवा मिळाली. तूट भरून काढायचं काम संस्थांवर आलं आणि संस्थांनी ते परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर टाकलं. ब्रिटनमधल्या संशोधनाचा खर्चही अनुदानातून पूर्ण निघत नाही. त्याला हातभार लागतो तो याच पैशातून. म्हणजे परदेशी विद्यार्थी जे भरतो त्यातून त्याचं स्वतःचं शिक्षण तर होतंच, शिवाय शेजारच्या बाकावरच्या स्थानिक मुलाचं आणि वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेचंही भागतं.

यात मास्टर्सचा वाटा मोठा का? कारण त्याच्या फीला कुणी कमाल मर्यादा घातलेली नाही, अभ्यासक्रम एक-दोन वर्षांत संपतो, आणि दर वर्षी नवी तुकडी घेता येते. चार वर्षं सांभाळण्याची जबाबदारी नको आणि पैसे आगाऊ. विद्यापीठांना यापेक्षा सोयीचं दुसरं काही नाही.

आता कुणी म्हणेल, विद्यार्थी शिकायला येतो, शिकवलं की व्यवहार पूर्ण झाला. पुढे काम करण्याची मुभा ही देशाची मेहरबानी, ती केव्हाही काढून घेता येते. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण विद्यापीठांची संकेतस्थळं उघडून पाहा, शिक्षण मेळाव्यात एक फेरी मारा. अभ्यासक्रमात काय शिकवलं जाईल याच्या आधी ‘पोस्ट स्टडी वर्क’ किती वर्षांचं, हे मोठ्या अक्षरांत असतं. अमेरिकेत विज्ञान आणि तंत्रज्ञान शाखांसाठी ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीची, मुदतवाढ २००८ मध्ये १७ महिने होती, २०१६ मध्ये ती २४ महिने केली, म्हणजे मूळचे बारा धरून तीन वर्षं. त्यानंतर कितीतरी विद्यापीठांनी आपले व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम त्या शाखांच्या यादीत बसवून घेतले. शिकवण्यात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो विद्यार्थ्याला विकल्या जाणाऱ्या मुदतीत. जी गोष्ट दाखवून किंमत वसूल केली, ती नंतर मेहरबानी कशी ठरते?

विद्यार्थ्याला यात जी कसरत करावी लागते ती मला फार अपमानास्पद वाटते. अमेरिकेच्या व्हिसाच्या खिडकीपाशी उभं राहून त्याने अधिकाऱ्याची खात्री पटवायची, की शिक्षण संपलं की मी परत जाणार. आणि हातातल्या विद्यापीठाच्या पत्रकावर तीन वर्षं काम करण्याची संधी ठळक छापलेली. दोन्ही गोष्टी एकाच देशाच्या. तो खरं बोलतो आहे की खोटं, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही, कारण खरं काय ते तीन वर्षांनी त्या देशाच्या मनात काय असेल त्यावर ठरणार.

ब्रिटनचा गेल्या काही वर्षांचा प्रवास पाहिला की हे जास्त स्पष्ट होतं. शिक्षणानंतरच्या कामाचा मार्ग एप्रिल २०१२ मध्ये बंद झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये तो पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली. जुलै २०२१ मध्ये ‘ग्रॅज्युएट रूट’ नावाने तो उघडला, दोन वर्षांचा, पीएचडीवाल्यांना तीन वर्षांचा. मे २०२५ मध्ये सरकारने तो दीड वर्षावर आणण्याचा प्रस्ताव मांडला आणि ऑक्टोबरमध्ये तारीख ठरली: १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांना दीड वर्षच मिळेल, पीएचडी वगळून. तारीख अर्जाची धरली, प्रवेशाची नाही. याचा परिणाम पाहा. जानेवारी २०२५ मध्ये एकाच विद्यापीठात दोघे जण दाखल झाले. एकाने एक वर्षाचं मास्टर्स घेतलं, दुसऱ्याने उद्योगातल्या प्रत्यक्ष कामाचा समावेश असलेलं दोन वर्षांचं. त्या दिवशी दोघांनाही दोन वर्षांचीच मुदत दिसत होती, कपातीचा प्रस्तावही अजून यायचा होता. पहिल्याला दोन वर्षं मिळतील. दुसरा जानेवारी २०२७ मध्ये पदवी पूर्ण करेल आणि त्याला दीड वर्ष मिळेल. जास्त शिकला, जास्त फी भरली आणि मुदत कमी.

सहा महिन्यांनी काय एवढं बिघडतं, असं बाहेरून वाटू शकतं. त्यासाठी ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सचं वेळापत्रक जवळून पाहायला हवं. सप्टेंबरअखेर विद्यार्थी उतरतो. राहायची जागा, बँकेचं खातं, डॉक्टरकडे नोंदणी, पहिल्या असाइनमेंटची तारीख यात ऑक्टोबर जातो. मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर भरतीचे अर्ज नेमके ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंद होऊ लागतात. ज्या देशात उतरून जेमतेम महिना झाला, जिथल्या मुलाखतीची रीत अजून कळलेली नाही, तिथे त्याने आपल्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा अर्ज भरायचा. बहुतेकांचा तो हंगाम हुकतो. मग जानेवारीत परीक्षा, मेमध्ये परीक्षा, उन्हाळाभर प्रबंध, सप्टेंबरमध्ये तो सादर करायचा आणि निकालाची वाट पाहायची. अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने गृहखात्याला कळवल्याशिवाय ग्रॅज्युएट रूटचा अर्जही करता येत नाही. म्हणजे नोकरीचा खरा शोध सुरू होतो तो पदवीनंतर, आणि पुढच्या हंगामात अर्ज केला तर रुजू होण्याची तारीख आणखी वर्षाने. दोन वर्षांत हे गणित कसंबसं बसतं. दीड वर्षात प्रत्येक महिना मोजावा लागतो.

कडक नियमांशी विद्यार्थ्यांचं भांडण असतं असा एक समज आहे. माझं निरीक्षण वेगळं आहे. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि आठवडा सोमवार ते रविवार धरतात. रविवारी रात्री कुणी सहकारी आला नाही आणि व्यवस्थापक म्हणाला, चार तास थांबतोस का, तर हो म्हणताना मुलाला मनात तासांची बेरीज करावी लागते. आधीच १८ तास झाले असतील तर ते चार तास व्हिसाच्या अटीचा भंग ठरतात. अमेरिकेत ओपीटीवर असताना एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही; पदवीधर झालेली मुलं कॅलेंडरवर दिवस खोडत बसतात. हे जाचक आहे. पण हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं आणि माणूस आपलं आयुष्य त्यात बसवतो. एच-वन-बी या कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या व्हिसाच्या दरवर्षीच्या ६५ हजार अधिक अमेरिकी मास्टर्सवाल्यांच्या २० हजार जागांची सोडतसुद्धा लोकांनी पत्करली आहे, कारण ती सोडत आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जे झालं ते पत्करता येण्यासारखं नव्हतं. एच-वन-बीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर भरावे लागतील अशी घोषणा एका शुक्रवारी झाली आणि रविवारपासून लागू झाली. देशातच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीवर जाणाऱ्यांना ती रक्कम भरावी लागणार नाही, हे स्पष्ट व्हायला महिना गेला. त्या महिन्यात किती कंपन्यांनी परदेशी पदवीधरांच्या फायली बाजूला ठेवल्या असतील, याची नोंद कुठेही होणार नाही.

याहून टोकाचे प्रसंगही झाले आहेत आणि त्यांचा विसर पडू देऊ नये. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना सरकारने रद्द केला. चूक नोंदी ठेवण्यातली, संस्थेची. पण दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना दुसरं विद्यापीठ शोधा नाहीतर देश सोडा असं सांगण्याची वेळ आली. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये इंग्रजीच्या चाचणीत काही केंद्रांवर नकला चालतात असं एका वृत्तवाहिनीने दाखवलं. नकला झाल्या होत्या, हे खरं. पण त्यानंतर चाचणी घेणाऱ्या कंपनीने ५८ हजारांहून अधिक चाचण्यांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या आणि त्या यादीवर विसंबून सरकारने व्हिसे रद्द केले. शंभरातले सत्त्याण्णव जण लबाड, हे कुणाच्याही बुद्धीला पटेल का? निर्दोष माणसं यात भरडली जात नाहीत ना, हे तपासण्यात गृहखातं कमी पडलं, असं ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये नोंदवलं. तोवर पाच वर्षं उलटली होती.

अमेरिकेत ६ जुलै २०२० रोजी, साथ ऐन भरात असताना, ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत त्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा असा आदेश निघाला. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेले आणि १४ जुलैला सरकारने माघार घेतली. २०२५ च्या वसंतात ४,७०० हून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारी प्रणालीतून रद्द झाल्या, अनेकांना कारणही कळलं नाही. देशभर खटले दाखल झाल्यावर एप्रिलच्या अखेरीस त्या परत चालू कराव्या लागल्या. मे महिन्यात हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यताच काढून घेतली गेली आणि दुसऱ्याच दिवशी न्यायाधीशांनी तो आदेश थांबवला. या घटना वाचून न्यायालयं आहेत, काळजीचं कारण नाही असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला यातून उलटंच दिसतं. मोठ्या विद्यापीठाकडे दुसऱ्या दिवशी न्यायालयात उभे राहणारे वकील असतात. लहान गावातल्या सामान्य विद्यापीठात शिकणाऱ्याचं रक्षण कोण करणार? आणि जिंकलं तरी त्या आठवड्यांत ज्याने घाबरून तिकीट काढलं आणि निघून गेला, त्याचं सत्र परत येत नाही.

विरोधी बाजूत तथ्य नाही असं नाही. कॅनडात २०२२-२३ च्या सुमारास परदेशी विद्यार्थ्यांची संख्या इतकी वाढली, की काही शहरांत भाड्याच्या घरांवर त्याचा ताण आला. तळघरातल्या एका खोलीत पाच-सहा जणांनी राहणं हे त्या विद्यार्थ्यांच्याही हिताचं नव्हतं. काही खाजगी संस्था शिकवण्यापेक्षा वर्क परमिटचं दार उघडून देण्याचा धंदा करत होत्या. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारने नव्या परवानग्यांवर कमाल मर्यादा घातली, तेव्हा मला ते बेजबाबदार वाटलं नाही. इतकी वर्षं दार सताड उघडं ठेवणं बेजबाबदार होतं. मतदारांना आपल्या देशात किती लोक यावेत हे ठरवण्याचा हक्क आहे. माझी मागणी त्या हक्काला हातही लावत नाही. किती जणांना घ्यायचं ते तुम्ही ठरवा. ज्यांना घेतलं त्यांना दिलेला शब्द पाळा.

आणि हे जमण्यासारखं आहे, कारण याच देशांनी ते करून दाखवलं आहे. कॅनडाने वर्क परमिटसाठी ठरावीक विषयांची अट घातली तेव्हा १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी स्टडी परमिटसाठी अर्ज केलेल्यांना ती लावली नाही. ब्रिटनने वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना कुटुंब आणण्याची मुभा काढून घेतली, तीही १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना. त्याआधी शिकत असलेल्यांची मुभा टिकली. हा निर्णय मला क्रूर वाटतो, दोन लहान मुलांच्या आईने मास्टर्सला यायचंच नाही असा त्याचा अर्थ होतो, तरी तो नव्यांसाठी होता एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी लावली, तेव्हा आधीपासून शिकणाऱ्यांना त्यातून वगळलं. ही पद्धत माहीत आहे, तिचे नमुने आहेत, तिने कुठलाही देश बुडालेला नाही. फक्त ती त्या-त्या मंत्र्याच्या मर्जीवर आहे. एकदा मिळते, एकदा मिळत नाही.

न्यायालयानेही एकदा या दिशेने बोट दाखवलं आहे. ब्रिटनने २००६ मध्ये उच्च कौशल्यप्राप्त स्थलांतरितांच्या योजनेचे निकष मध्येच बदलले. जे आधीच त्या योजनेतून आले होते, नोकऱ्या सोडून घरदार हलवून आले होते, त्यांनाही मुदतवाढीसाठी नवे निकष लावले. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने हे अन्यायाचं ठरवलं: ज्या अटी दाखवून लोकांना बोलावलं, त्याच अटींवर त्यांचा विचार झाला पाहिजे. तो निकाल कामगारांबद्दल होता. विद्यार्थ्याची बाजू त्याहून भक्कम आहे, कारण कामगार येतो तेव्हा पगार घेतो, विद्यार्थी येतो तेव्हा आयुष्यभराची पुंजी देऊन येतो.

पीएचडीबद्दल थोडं वेगळं लिहायला हवं, कारण तिथे हाच प्रश्न जास्त खोलवर जातो. मास्टर्सला निदान शेवटची तारीख माहीत असते. संशोधन तारखेला बांधलेलं नसतं. उपकरण बंद पडतं, नमुने खराब होतात, नैतिक परवानगीला चार महिने लागतात, गाईड दुसऱ्या विद्यापीठात निघून जातो. अमेरिकेत पीएचडीला सहसा पाच-सहा वर्षं लागतात. आजवर तिथे अभ्यासक्रम चालू असेपर्यंत राहता येत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने प्रस्ताव मांडला, की विद्यार्थ्याला जास्तीत जास्त चार वर्षं द्यावीत आणि पुढे लागतील तर सरकारकडे मुदतवाढ मागावी. चौथ्या वर्षी, जेव्हा प्रयोग कुठे आकाराला येऊ लागतात, तेव्हा संशोधकाने आपला प्रकल्प का लांबला हे अशा अधिकाऱ्याला पटवायचं ज्याचा त्या विषयाशी संबंध नाही. आधी ते काम विद्यापीठ करत असे. नेदरलँड्स आणि नॉर्वेमध्ये पीएचडी करणारा बहुतांशी विद्यापीठाचा कर्मचारी असतो. त्याच्याकडे करार असतो, पगार असतो, आजारपणाची रजा असते. जिथे तो नुसता विद्यार्थी आहे तिथे त्याचा देशात राहण्याचा हक्क नोंदणीवर आणि नोंदणी बरीचशी गाईडच्या शेऱ्यावर अवलंबून असते. अशा माणसाला नीट न वागवणाऱ्या गाईडविरुद्ध तक्रार करायची झाली तर तो आधी व्हिसाचा विचार करतो आणि गप्प बसतो. मुदतीची अनिश्चितता जितकी वाढेल तितकी ही गप्प बसण्याची सक्ती वाढेल.

मग करायचं काय? सरकारांनी कायद्यातच लिहावं, की विद्यार्थ्याला कोणते नियम लागू हे पहिल्या व्हिसाच्या तारखेवरून ठरेल आणि अभ्यासक्रम वाजवी कारणाने लांबला तरी ते बदलणार नाहीत. वैयक्तिक फसवणूक सिद्ध झाली तर अपवाद. त्यासाठी त्या माणसाला पुरावा दाखवावा आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं, याद्या काढू नयेत. संस्थेच्या चुकीसाठी विद्यार्थ्याला शिक्षा नको. याबाबतीत ऑस्ट्रेलियाकडूनच शिकता येईल. तिथे २००० सालचा कायदा आहे आणि २०१२ पासून फी संरक्षणाची व्यवस्था आहे. संस्था बंद पडली किंवा अभ्यासक्रम शिकवू शकली नाही तर विद्यार्थ्याला दुसरीकडे जागा किंवा न वापरलेल्या फीचा परतावा मिळतो. संस्थेने शब्द मोडला तर भरपाई देणारा देश, सरकारने शब्द मोडला तर मात्र काहीच देत नाही. तीच व्यवस्था एक पाऊल पुढे न्यावी एवढंच मागणं आहे.

विद्यापीठांना तर संसदेची वाट पाहण्याचीही गरज नाही. फीच्या करारात आज पानंच्या पानं विद्यार्थ्याच्या जबाबदाऱ्यांची असतात: पैसे कधी भरायचे, उशीर झाला तर काय, अभ्यासक्रम सोडला तर किती कापलं जाईल. त्यात एक कलम त्यांनी स्वतःवर घालून घ्यावं. पदवी पूर्ण होण्याआधी शिक्षणानंतरच्या कामाचे नियम विद्यार्थ्याच्या विरोधात बदलले आणि ते त्याला लागू झाले, तर त्याला उरलेल्या सत्रांची फी न भरता, तोवर मिळवलेली क्रेडिट्स घेऊन बाहेर पडता येईल, आणि डिपॉझिट परत मिळेल. ज्या कुलगुरूंना आपल्या शिक्षणावर विश्वास आहे, विद्यार्थी केवळ वर्क परमिटसाठी येत नाहीत असं जे दर भाषणात सांगतात, त्यांना हे कलम महाग पडायचं कारण नाही. आणि महाग पडणार असेल तर नियम बदलण्याची कुणकुण लागताच तेच कुलगुरू सरकारच्या दारात जाऊन बसतील. आज ते बसत नाहीत, कारण बदलाचा सगळा भार विद्यार्थी उचलतो आणि पुढच्या सप्टेंबरला नवी तुकडी येतेच.